मोरी बांधून मिळणेबाबत

खोली भाड्याने मागायला गेलो तेव्हा त्या गृहस्थांनी मला नाव विचारलं नाही, पगार विचारला नाही, मांसाहार करता का हेही विचारलं नाही. डहाणूत खोली शोधणाऱ्या एकट्या माणसाला हे प्रश्न सहसा चुकत नाहीत. त्यांनी एकच विचारलं, "पाणी कुठे टाकता?"

"कुठलं पाणी?"

"आंघोळीचं. भांड्यांचं. कपड्यांचं. माणूस दिवसातून किती वेळा पाणी टाकतो आणि कुठे टाकतो, हे त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. चोराला निदान माल कुठे टाकला ते आठवतं."

मी तेव्हा हौशी नाटकांत कामं करायचो आणि स्वतःला फार हजरजबाबी समजायचो. छातीवर हात ठेवून म्हणालो, "काका, तुम्ही सांगाल तिथे टाकीन."

खोली मिळाली. सरावलीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या गल्लीत, सात चिकूची झाडं असलेल्या त्या आवारात मी चार पावसाळे काढले. नोकरी जवळच्याच एका सरकारी कार्यालयात, आवक-जावक लिपिकाची. कार्यालयाचं नाव सांगत नाही. माझी पेन्शन अजून सुरू व्हायची आहे.

काका रेल्वेतून निवृत्त झालेले. पूल आणि मोऱ्या तपासणाऱ्या गँगचे मुकादम. मोरी म्हणजे रुळाखालून किंवा रस्त्याखालून पावसाचं पाणी जाण्यासाठी ठेवलेली वाट. हे तुम्हाला ठाऊक असेल. मला केव्हा ठाऊक झालं, त्यातच सगळी गोष्ट आहे. पण पडदा इतक्यात वर करत नाही. दर मे महिन्यात रुळाखालच्या एकेका मोरीत ते रांगत शिरायचे. "डहाणूपासून घोलवडपर्यंत अशी एकही मोरी नाही जिच्यापुढे मी वाकलो नाही. साहेबापुढे मात्र कधी वाकलो नाही, म्हणून मुकादमच राहिलो," असं ते सांगत, आणि हे सांगताना त्यांची मान नेमकी ताठ व्हायची.

बारा महिने लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. हातात लांब काळी छत्री, जी मी एकदाही उघडलेली पाहिली नाही. तिच्यावर दर चार बोटांवर नेलपॉलिशचं लाल कडं काढलेलं होतं. मुसळधार पावसात हा माणूस मिटलेली छत्री घेऊन निथळत गल्लीभर फिरायचा आणि जागोजागी ती पाण्यात बुडवून आकडा बघायचा. "अहो, उघडा ना ती!" असं कुणी ओरडलं तर म्हणायचे, "फूटपट्टी कुणी डोक्यावर धरतं का?" कडी दरवर्षी पुसट व्हायची, म्हणून साठीच्या काकू दर मे महिन्यात बाजारातून लाल नेलपॉलिशची बाटली आणायच्या. दुकानातली बाई गालातल्या गालात हसायची. काकूही हसून घ्यायच्या. खरं सांगितलं असतं तर ती आणखी हसली असती.

छपरावरचं पाणी पन्हळीतून पिंपात, पिंप भरलं की विटांचे तुकडे आणि रेती घातलेल्या खड्ड्यात, तिथून चिकूच्या आळ्यांत, आणि एवढं होऊनही काही उरलंच तर गवताच्या चरातून रमतगमत फाटकाबाहेर. छपरावर पडलेलं पाणी बाहेर पडेपर्यंत माझा चहा, पेपर आणि दाढी उरकायची. काका चरापाशी उकिडवे बसून पाण्याला सांगायचे, "बेस ने, चा पीने जा." बस जरा, चहा पिऊन जा. काकू उंबरगावकडच्या, गुजराती शाळेत शिकलेल्या, त्यांची भाषा काकांनी पाण्यासाठी राखून ठेवली होती. मी कारण विचारलं. म्हणाले, "मराठीत बोललो तर त्याला वाटेल ऑफिसचं काम आहे. मग ते हलणारच नाही."

त्यांचं सगळं शास्त्र एवढंच होतं: पाण्याला आधी बसवा, मग चालवा, मग निरोप द्या. "तुम्ही लोक त्याला दारातच लाथ घालता," ते गल्लीला सुनवायचे, "म्हणून ते पुढच्या घरात शिव्या देत शिरतं."

गल्ली ऐकत नव्हती. गल्ली उंच होत होती. जो तो जोतं वाढवत होता, अंगणात पेव्हर ब्लॉक बसवत होता. शेजारच्या गुरुजींनी अंगण ब्लॉकनी मढवलं आणि कौतुकाने आम्हाला चहाला बोलावलं. काकांनी बशी हातात घेतली, फुंकर मारली आणि सगळा चहा नव्याकोऱ्या ब्लॉकांवर ओतला. गुरुजींच्या पत्नीने पदर तोंडाला लावला. चहाचा ओघळ ब्लॉकांच्या फटींतून डौलात निघाला, फाटकाखालून गल्लीत उतरला, उताराला लागला. काका त्याच्या मागोमाग गेले. थोड्या वेळाने परत येऊन म्हणाले, "गुरुजी, तुमचा चहा लखमीच्या दिशेने गेला. साखर कमी आहे म्हणाली."

लखमी गल्लीच्या खालच्या टोकाला राहायची. तिथे पाड्याची सात घरं होती, कुडाच्या भिंतींची, कौलारू. ती घोलवडच्या वाड्यांत चिकू निवडायला जायची आणि डोंगराकडे भावाबरोबर थोडा भात लावायची. वर्षाचा भात घरातल्या कणगीत. पाड्याला लागून मोठा रस्ता, आणि रस्त्यापलीकडे खाडीकडे जाणारी मोकळी सखल जमीन. पूर्वी रस्त्याखाली दगडी मोरी होती. रस्ता काँक्रीटचा झाला, कमरेइतका उंच झाला, त्यात मोरी गाडली गेली. कागदावर ती कुठेच नव्हती, त्यामुळे तिच्या मरणाची नोंदही झाली नाही. तेव्हापासून पूर्वेकडून येणारं सगळं पाणी रस्त्याला अडायचं आणि पाड्यात मुक्काम करायचं. दगडांच्या फटींतून थोडंफार झिरपायचं, तेवढीच सुटका. पावसाळ्यात लखमी कणगी एकेक वीत वर उचलत राहायची, खाली विटा सारत.

तर काकांनी अर्ज केला. लांबलचक अर्ज म्हणजे त्यांच्या दृष्टीने तुंबलेलं गटार. चतकोर कागदावर त्यांनी लिहिलं: "पाड्याजवळ मोरी बांधून द्यावी. मोठी असावी. सर्वांची फार अडचण होते." खाली लखमीचा अंगठा.

आता पडदा वर.

मी घाटावरचा माणूस. आमच्याकडे मोरी म्हणजे घरातली आंघोळीची, भांडी घासायची जागा. नोकरीचा माझा पहिला आठवडा होता, काकांची आणि माझी ओळखही नव्हती, आणि माझ्या टेबलावर हा कागद आला. अंगठा बघून मला भरून आलं. बिचाऱ्या बायका! उघड्यावर न्हातात! मला साहेबांपुढे फक्त गोषवारा ठेवायचा होता. पण आतला नट जागा झाला. मी वळणदार अक्षरात लिहिलं, "माता-भगिनींच्या लज्जारक्षणाची निकड लक्षात घेता पाड्याजवळ प्रशस्त सार्वजनिक स्नानगृह बांधणेबाबत." माझ्या आयुष्यात मी लिहिलेलं जे एकमेव वाक्य सरकारने मनावर घेतलं, ते हे. मार्चअखेर कुठल्याशा योजनेचा निधी पडून होता. स्नानगृह मंजूर झालं, पांढऱ्या फरशांचं. बांधलं कुठे? रस्त्याला लागून सरकारी पट्टी होती, तिच्यावर, सगळ्यात सखल जागी. जिथून पाणी थोडंफार झिरपत होतं, नेमकं तिथेच. होती ती फटही बुजली.

हे सगळं मला कळलं काकांकडूनच, खोलीत सामान लावल्याच्या पहिल्या संध्याकाळी. ओटीवर बसून ते उद्घाटनाचा प्रसंग साभिनय सांगत होते. फीत कापून झाल्यावर त्यांनी पाहुण्यांना विचारलं होतं, "हिचं तोंड कुठल्या बाजूला?"

पाहुणे म्हणाले होते, "दार पूर्वेला आहे, काका."

"मग पाणी शिरणार कुठून आणि जाणार कुठे?"

"नळ पुढच्या टप्प्यात येणार आहे."

त्यावर लखमी पुढे झाली होती. पाड्यावरची माणसं देवालाही तू म्हणतात, पाहुण्यांचं काय! "आमी पानी काढाया सांगितला. तू आनखी पानी आनतस?"

मी हसता हसता खुर्चीवरून पडायचा बाकी होतो. डोळे पुसत म्हणालो, "कुठल्या गाढवाने लिहिलं हो हे?"

"असेल कोणी," काका म्हणाले. "पण अक्षर फार सुंदर होतं. फाईल मागून घेऊन बघितलं मी. 'लज्जारक्षणाची निकड'!"

माझं हसू तोंडातच राहिलं. नाटकात आपलं वाक्य विसरल्यावर नट विंगेकडे बघतो, तसं मी दाराकडे बघितलं. फरक इतकाच की इथे वाक्य आठवलं होतं. खोली चांगली होती. काकूंच्या हातची आमटी चांगली होती. मी चार पावसाळे बोललो नाही, हे मी इथे मजेत लिहितोय, पण त्यात मजा नव्हती.

तिसऱ्या पावसाळ्यात गल्लीवरून आलेलं पाणी लखमीच्या कणगीला टेकलं. काका छत्री बुडवून आले, पहार घेतली आणि स्वतःच्या आवाराची गल्लीकडची भिंत फोडायला लागले.

"अहो, काय करता!" काकू ओरडल्या.

"पाहुणे आलेत. पुढे जागा नाही."

फोडलेल्या भिंतीचे दगड गल्लीत आडवे रचून त्यांनी पाणी वळवलं आणि आत घेतलं. मीही पँट दुमडून दगड उचलले. एवढं तरी केलं. सबंध पावसाळा आवारात गुडघाभर पाणी बसून राहिलं, आणि चिकूच्या मुळांना बसलेलं पाणी सोसत नाही. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. दिवाळीपर्यंत पानं पिवळी पडली, पुढच्या उन्हाळ्यात सातातली पाच झाडं वाळली. पण त्या वर्षी लखमीचा भात वाचला.

तेवढंच एक वर्ष. त्यानंतर वरच्या अंगाची आणखी काही अंगणं ब्लॉकांची झाली, आणि काकांचं आवार भरून पाणी पाड्यात उतरलं. कणगी आडवी झाली. पावसाने उघडीप दिली तेव्हा लखमी काळा पडलेला, कोंब फुटलेला भात ओंजळीत घेऊन फाटकात उभी राहिली.

"काका, तुझी झाडा मेली, माझा भात बी गेला. दोगांचा गेला. तू येडा हायस."

"हो," काका म्हणाले.

"बायकोला तरी इचारायचा."

"ती नको म्हणाली असती."

"मंग शानी हाय ती."

काकूंनी तिला पायलीभर तांदूळ दिले. लखमीने ते घेतले आणि भिजलेला भात आमच्या कोंबड्यांपुढे टाकला. मी खिडकीतून बघत होतो. त्या आठवड्यात मी कबुली द्यायचं ठरवलं.

भाषण तयार केलं होतं. त्यात विराम होते, एक आवंढा होता. काका वाळलेल्या झाडाचा बुंधा करवतीने कापत होते. मी पहिलंच वाक्य म्हणालो, "काका, तो गोषवारा मी लिहिला होता."

करवत थांबली. "कुठला?"

"स्नानगृहाचा. मोरी म्हणजे मला न्हाणी वाटली."

मी खाली मान घालून शिव्यांची वाट बघत होतो.

"म्हणजे साहेबांनी माझा अर्ज वाचलाच नाही?"

"नाही. गोषवाराच वाचतात."

"म्हणजे माझा अर्ज नाकारला नाही!" करवत टाकून ते घराकडे धावले. "अगं ऐकलंस का? नाकारला नाही! मी समजत होतो, वाचून नाकारला! शिरा कर!"

शिरा झाला. काकूंनी मलाही वाढला. काकांच्या शिऱ्यावर काजू होते, माझ्यावर नव्हते. न्याय म्हणून मला ते पटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. आम्ही दोघांनी नवा अर्ज केला. काकांनी नकाशा काढला: रस्ता, पाडा, पाण्याचा उतार, गाडलेल्या मोरीची जागा. मी लिहिलं, "रस्त्याखालून पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी मोरी." एकही विशेषण घातलं नाही. लखमीने अंगठा उठवला आणि म्हणाली, "या टायमाला काय बांधतील? देऊळ?" पुढचे तीन आठवडे काका रोज माझ्या जेवणाच्या वेळी दारात. "अहो क्लार्कसाहेब, आमचा कागद कुठल्या टेबलावर बसलाय?" चेहरा असा की मुलीला बघायला पाहुणे यायचेत.

मग साहेबांनी सही केलेलं उत्तर माझ्याकडे पाठवलं, जावक क्रमांक घालण्यासाठी. "आपल्या पूर्वीच्या अर्जानुसार सदर ठिकाणी मोरीचे काम पूर्ण झाल्याचे अभिलेखावरून दिसून येते. सबब आपली मागणी निकाली काढण्यात येत आहे."

झालं होतं असं. मूळ अर्जाची नोंद आवक नोंदवहीत 'मोरी' अशी होती. स्नानगृह बांधून झाल्यावर कुणीतरी त्याच नोंदीपुढे 'काम पूर्ण' असं लिहिलं. कागदावर मोरी बांधलेली होती. त्यातून पाणी जात नसेल तर तो पाण्याचा प्रश्न होता.

मी साहेबांकडे गेलो आणि घडलं ते सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढला.

"मग मी काय लिहू? मोरी मागितली होती आणि आपण न्हाणीघर बांधलं?"

"हो, साहेब."

"उद्या लेखापरीक्षणात विचारतील, ही चूक कुणाची. तुम्ही लेखी द्याल?"

कागद टेबलावर होता. पेन माझ्या खिशात होतं. आयुष्यात मी रंगमंचावर जितक्या वेळा प्राण दिले असतील, तितक्या वेळा टाळ्या घेतल्या. इथे प्राण कुणी मागतच नव्हतं. फक्त सही हवी होती.

"बघतो," मी म्हणालो आणि बाहेर आलो. पत्राला क्रमांक घातला. टपाल खर्च नको म्हणून स्वतःच घरी घेऊन गेलो.

काकांनी ते दोनदा वाचलं. "भाषा शुद्ध आहे," म्हणाले आणि घडी करून काकूंकडे दिलं. मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खोटं बोललो असतो, आणि ते बहुधा त्यांनाही कळलं असावं. त्या दिवसानंतर पाऊस आला की ते आतल्या खोलीत दाराकडे पाठ करून बसायचे. पन्हळ तुंबून एकदा पाणी भिंतीवरून ओघळायला लागलं, काकूंनी चार हाका मारल्या, तरी ते उठले नाहीत. शेवटी शिडी मी लावली.

पाडा त्या दिवाळीनंतर उठला. लखमीने कौलं उतरवली, मेढीचे खांब उपटले आणि सगळं भावाच्या टेम्पोतून डोंगराकडे, सायवनला नेलं. जाताना काकांना म्हणाली, "तू बी चल. डोंगरावर पानी थांबत नाय." बाकीची सहा घरं जिकडे जागा मिळाली तिकडे गेली. जमीन कुणाच्या नावावर होती हे पाड्याला त्या वेळीच कळलं, जेव्हा तो माणूस गाडीतून उतरला. मग मुरुमाचे डंपर आले. पाड्याची जागा रस्त्याच्याही वर गेली, तिच्यावर बंगल्यांचे प्लॉट पडले. पाणी मागे हटून गुरुजींच्या ब्लॉकांवर आणि काकांच्या ओटीवर चढायला लागलं. मी तोपर्यंत खोली सोडली होती. कारण बदलीचं सांगितलं. बदली झाली नव्हती.

गेल्या वर्षी प्लॉटवाल्यांचा अर्ज माझ्या टेबलावर आला, टाईप केलेला, इंग्रजीत. त्यांच्या नव्या फाटकापुढे पाणी साचत होतं, त्यांना बॉक्स कल्व्हर्ट, म्हणजे काँक्रीटची चौकोनी मोरीच, हवा होता. मी त्याचं मराठी केलं नाही. देवनागरीत जसंच्या तसं लिहिलं, बॉक्स कल्व्हर्ट. नोंदवहीत या नावाचं काम आधी झालेलं नव्हतं. एका बैठकीत मंजूर झालं.

यंदाच्या मे महिन्यात तलासरीच्या ठेकेदाराने रस्ता खणायला घेतला. स्नानगृह पाडावं लागलं. खाली जुन्या मोरीचे दगड निघाले, काका दाखवत होते तिथेच. मी ऑफिसच्या कामाने तिथे गेलो होतो. काका आले होते; फार वाळले होते. खड्ड्याच्या कडेला उभे राहून ते उतार बघत होते.

"बरोबर धरलाय उतार," ते मला म्हणाले. चार वर्षांनी भेटत होतो. एवढंच म्हणाले.

माती वाहणाऱ्या बायकांत लखमी होती. ठेकेदाराने सायवनवरून टेम्पो भरून मजूर आणले होते, त्यांत ती आली होती. डोक्यावर भरलेली पाटी तशीच घेऊन ती आमच्यापाशी थांबली.

"काका, माझी चूल कोठं आली रं?"

काका रस्त्याच्या कडेपासून पावलं टाकत प्लॉटमध्ये गेले, थोडं डावीकडे वळले, थांबले. "इथे."

लखमी त्यांच्या मागे गेली. तिने पायाखालच्या लाल मुरुमाकडे बघितलं, मग सभोवार बघितलं.

"खाली," काका म्हणाले.

"किती खाली?"

काकांनी हात वर केला, स्वतःच्या डोक्याच्याही वर, आणि तसाच धरून ठेवला.

"ए बाय, चल, पाटी खाली कर!" खड्ड्याजवळून ठेकेदाराचा मुकादम ओरडला. लखमीने पाटीतली माती तिथेच ओतली आणि दुसरी भरायला गेली.